दगडाबाईचा रिकामा खिळा

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये, असं माझी सासू सांगून सांगून थकली. मी घेते. शहादेव. ज्या माणसाशी रोज भांडायचं, त्याला नावाशिवाय हाक कशी मारायची हे मला कधी कळलं नाही.

हा शहादेव अकरा वर्षं तेलंगणात एका कोळशाच्या खाणीत होता. वर्षातून दोनदा घरी यायचा, आठ दिवस खोकायचा आणि परत जायचा. बहात्तर साली, दुष्काळ पडला त्याच वर्षी, तो कायमचाच आला. सोबत एक घोंगडी, एक ॲल्युमिनियमचा डबा आणि कामावरून काढल्याची चिठ्ठी.

का काढलं, हे तो सांगायचा नाही. मला समजलं ते त्याच्याबरोबर काम केलेल्या एका अंबाजोगाईकडच्या माणसाकडून. खाणीत एक मोठी युनियन होती. तिचे पुढारी साहेबाच्या जीपमधून यायचे आणि साहेबाच्याच तोंडाने बोलायचे. एकदा आत छत बसलं. किती माणसं अडकली याचा मेळ लागेना, तर पुढाऱ्यांनी साहेब म्हणेल त्या आकड्यावर सही करून टाकली. तेव्हा शहादेव धरून एक्केचाळीस जण मोठ्या युनियनमधून बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी युनियन काढली. एकोणीस दिवस संप केला. विसाव्या दिवशी मोठ्या युनियनची माणसं त्यांच्या जागी कामाला उतरली आणि हे एक्केचाळीस घरी बसले. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं.

आमचं गाव युसूफ वडगावपासून दोन कोसांवर. त्या वर्षी गावात खायला रेशनची लाल मिलो ज्वारी, प्यायला दिवसाआड येणारा टँकर आणि करायला एकच काम, ते म्हणजे सार्वजनिक विहिरीचं. काम मजूर सहकारी सोसायटीनं घेतलेलं. आम्ही सगळे अंगठे देऊन सोसायटीचे सभासद झालेलो. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव, आणि तालुक्याच्या मजूर संघटनेचे अध्यक्षही सुंदररावच. म्हणजे मजुराने तक्रार केली की त्यांनी एका खुर्चीवरून उठायचं आणि दुसऱ्या खुर्चीवर बसून ती ऐकून घ्यायची.

शहादेवला दगडात भोकं पाडून सुरुंगाची दारू ठासायचं काम चांगलं यायचं, म्हणून त्याला लगेच घेतलं. मी तळाला मुरूम-दगड भरायला. सासू आणि दोन पोरी घरी. आमच्या वस्तीतली निम्मी घरं कुलपं लावून पोट भरायला निघून गेली होती. आम्ही राहिलो ते या विहिरीच्या जोरावर. हे काम सुटलं असतं तर आम्हालाही म्हातारीला पाठीवर घेऊन रस्ता धरावा लागला असता. म्हणून पहिल्याच दिवशी मी त्याला दटावलं होतं.

"हितं युनियन न्हाई काढायची. सांगून ठिवते."

"न्हाई काढत," तो म्हणाला.

महिनाभर त्याने शब्द पाळला. मग एक दिवस कुठून तरी डालड्याचे रिकामे डबे आणले आणि पत्रा कापून रुपयाएवढ्या चकत्या करत बसला. प्रत्येक चकतीला भोक, भोकात सुतळी. लिहिता-वाचता येणारी माणसं चार, म्हणून नावाऐवजी खिळ्याने खूण कोरली. आश्रुबा यारी चालवायचा, म्हणजे दगडाची बादली वर ओढायचा तो रहाट, तर त्याला चाक. बायनाबाईला तिची शेळी. मला विचारलं तर मी म्हटलं, मला नको तुझा बिल्ला. त्याने माझ्यासाठी मिरची कोरली. सगळं काम पोट धरधरून हसलं.

विहिरीच्या काठावर लिंबाच्या झाडाला एक फळी ठोकली, फळीवर खिळे. खाणीतली रीत त्याने सगळ्यांना समजावली. आत उतरताना आपला बिल्ला खिळ्यावरून काढायचा आणि अंगाला बांधायचा. वर आलं की परत अडकवायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस आत. सगळे खिळे भरल्याशिवाय वातीला काडी लावायची नाही.

याला कारणही होतं. विहीर सात परस, म्हणजे सात पुरुष खोल गेली होती. तळाशी पूर्वेच्या अंगाला पाण्याची शीर शोधायला आडवं भगदाड पाडलेलं. शीर लागली नाही, पण दोन माणसं पाय पसरून बसतील एवढी गार पोकळी झाली. आम्ही तिला कोनाडा म्हणायचो. वर वैशाखाचा वणवा, म्हणून दुपारची भाकरी खायला जो तो कोनाड्यात घुसायचा. काठावरून वाकून पाहिलं तर आतलं माणूस दिसायचं नाही. एकदा बायनाबाई तिथेच झोपली आणि दारू ठासून झाल्यावर सहज बाहेर आली. शहादेव त्या दिवशी जेवला नाही.

तरी लोकांना तो खेळ वाटायचा. कोणी बिल्ला विसरायचं, कोणी दुसऱ्याचा न्यायचं. मुकादम भारत म्हणायचा, "हजेरी एकदा मी घेतो, एकदा हा पत्रेवाला." मला तर लाजच वाटायची. पण बिल्ल्यावर खरा जीव बसला तो आमच्या शेजारणीचा, दगडाबाईचा. म्हातारी कानाने जड, तोंडाने तिखट. तिच्या बिल्ल्यावर चूल कोरलेली. रोज उतरताना ती तो कपाळाला लावायची आणि पदराच्या गाठीत बांधायची.

"दगडामाय, छप्पन साली समदे देव पाण्यात सोडले ना तुमी?" मी चिडवायचे.

"देव न्हाईच मानत मी. पर ह्या पत्र्याला मानते. ह्यो असला की माणूस वर येतंया, शादेवच म्हनतो."

असं चाललं होतं. मग एके दिवशी, अकराच्या सुमाराला, सुंदरराव मोटारसायकलवर आले. दुसऱ्या दिवशी कोणी मोठा साहेब काम पाहायला येणार होता. त्याच्याआधी आजच सुरुंग उडवून सकाळपर्यंत तळ साफ दिसला पाहिजे, असा हुकूम सोडला. आणि मग त्यांचं लक्ष लिंबाच्या फळीकडे गेलं.

"हे काय बे?"

"माणसं मोजायची फळी हाय," शहादेव म्हणाला.

"हे तुझं खाणीतलं युनियनचं खूळ हितं नको. हितं मालक कोन हाय? कोनी न्हाई. सोसायटी तुमची, विहीर तुमची. सहकार हाय हा."

"आमचीच हाय तर मंग फळी बी आमचीच."

हसू सगळ्यांना आलं, पण दातांच्या बाहेर कोणी येऊ दिलं नाही. सुंदररावांनी गॉगल काढला. "शादेव, सायबाला ही फळी दिसली तर तो पुसंल, हितं कोन मेलं व्हतं का? फळी राह्यली तर तू न्हाई. तू राह्यलास तर फळी न्हाई. दुपारच्याला येतो, तवर ठरीव."

ते गेले, आणि मी भाकरीचं फडकं तसंच टाकून नवऱ्याला गाठलं. काय काय बोलले ते आता सांगायलाही बरं वाटत नाही. तुझ्या त्या चाळीस सोंगाड्यांनी तुला काय दिलं, असं म्हटलं. पोरींना भीक मागायला लावशील, असं म्हटलं. शेवटी रडले. मी रडले की त्याचं काही चालत नाही, हे मला ठाऊक होतं आणि मी ते वापरलं.

त्याने एकदा विहिरीकडे पाहिलं. मग "बरं" एवढंच म्हणाला. जाऊन त्याने फळी उपटली आणि यारीच्या मागे, दगडांच्या ढिगाला उलटी टेकवून ठेवली. बिल्ले तिच्यावर तसेच लटकलेले, दुपारनंतर माणसं बिल्ल्याशिवायच उतरली. मी सुटकेचा श्वास टाकला आणि भाकरी खाल्ली. चांगली दीड भाकरी खाल्ली.

चारला सुंदरराव परत आले. फळी जागेवर नाही हे पाहून खूश झाले. शहादेवने पाच भोकं ठासून वाती लावून ठेवल्या होत्या. काडी लावायचं काम भारतचं. भारतने काठावरून दोनदा आरोळी दिली, "वर या रं! समदे वर या!" माणसं पायऱ्यांनी वर आली. आमच्या विहिरीला एका अंगाने खडकात पायऱ्या कोरलेल्या होत्या. भारतने खाली वाकून पाहिलं, तळ मोकळा दिसला. तो उतरला, घाईघाईत पाची वाती पेटवल्या आणि पळत वर आला.

एक. दोन. तीन. चार. दगड लिंबापर्यंत उडाले. आम्ही सगळे बांधाआड बसून मोजत होतो, कारण मोजल्याशिवाय कोणी उठायचं नसतं. पाचवा आवाज आलाच नाही.

"एक हुकला," शहादेव म्हणाला. "कोनी हालू नका. अर्धा तास तरी न्हाई."

सुरुंग हुकला की तो मेलाय का झोपलाय हे कळत नाही. वात आत धुमसत असली तर कधीही उडतो. म्हणून आम्ही बसून राहिलो. बसल्या बसल्या शहादेवने, आपली सवय म्हणून, मागे वळून त्या उलट्या ठेवलेल्या फळीकडे पाहिलं. मग रांगत गेला आणि ती सरळ केली. एक खिळा रिकामा होता.

"दगडामाय कुठंय?"

 सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मग बायनाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं माय! म्या तिला कोनाड्यात जाताना बघितलं ना. भाकरी घेऊन गेलती. कानानं बहिरी ती, आरोळी कशी ऐकू यावी?"

 फळी मी काढायला लावली होती. दुसऱ्या कोणी नाही, मी.

भारत मटकन खाली बसला. सुंदरराव म्हणाले, "घरी गेली आसंल म्हातारी. कोनाला तरी वस्तीवर पिटाळा." एक जण पळाला. पण वस्ती अर्ध्या कोसावर. शहादेव काठावर जाऊन खाली बघून आला होता. कोनाड्याचं तोंड दगडांनी बुजलं होतं.

"जाऊन येस्तवर ती गुदमरंल," तो म्हणाला आणि पायऱ्यांकडे निघाला.

मी त्याच्या सदऱ्याला धरलं. "सुरुंग हाय खाली! तूच म्हनलास ना, अर्धा तास!"

"दुसऱ्यांना म्हनलो." त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि उतरला.

त्यानंतरचा वेळ किती होता, कोण जाणे. सगळे सांगतात पाव तास. मला विचाराल तर दुष्काळ त्यापेक्षा लवकर संपला. मी काठावर पालथी पडले होते. खाली धूळ होती, त्यात त्याचं पागोटं तेवढं दिसत होतं. तो हाका मारत होता. "दगडामाय! ए दगडामाय! ओ दे!" मग कान लावून थांबायचा. मग परत हाक.

थोड्या वेळाने त्याने वर तोंड केलं. "आश्रुबा, पाणी सोड! भोक भिजवतो आन मंग दगड काढतो. लई पाणी लागंल!"

पाणी! टँकर आदल्या दिवशी येऊन गेलेला. आता येणार तो उद्या. प्रत्येकीने आपापली कळशी, बाटली, डेचकी सावलीत दगडाआड दडवून ठेवलेली. घोटासाठी सकाळीच दोघी एकमेकींच्या झिंज्या धरायला निघाल्या होत्या. पण त्या वेळी कोणी कोणाला सांगावं लागलं नाही. बायनाबाईने आपली कळशी यारीच्या बादलीत उपडी केली. तिच्यामागे सगळ्यांनी. कोणाचं भांडं कोणाच्या हातात गेलं, हे एरवी आमच्या गावात डोळ्यांत तेल घालून बघतात. त्या दिवशी कोणी बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, सुंदररावांनीही मोटारसायकलला टांगलेली पाण्याची छागल आणून ओतली. भारत आणि आश्रुबा यारी सोडत होते, मी दोर धरून होते.

खाली पाणी ओतल्याचा आवाज आला. मग दगड बाजूला टाकल्याचा. मग परत हाक, आता घसा बसलेला. "दगडामाय! ओ दे गं माय!"

"ओ! काय रं बाबा?"

आवाज माझ्या कानाजवळ झाला. मी मान वळवली. दगडाबाई माझ्याशेजारी ओणवी होऊन, कानामागे हात धरून विहिरीत बघत होती. पदरात काहीतरी धरलेलं, चेहरा घामाने चिंब आणि तोंडभर हसू.

आश्रुबाच्या हातातून यारीचा दांडा सुटता सुटता राहिला. बायनाबाई किंचाळली. 

खाली दगड टाकायचा आवाज थांबला. मग शहादेवचा आवाज आला, लहान पोरासारखा. "कोन बोललं?"

"मी, दगडी! तू तिथं एकलाच काय करतूस? मला कावून बोलावलं?"

"तू… तू वर हायस?"

"मंग कुठं असंल? वर ये, गूळ खा. नात झाली मला!"

पहिल्यांदा भारत हसला. हसला म्हणजे काय, बोंबच मारली त्याने. मग सगळे. रडत होते का हसत होते, त्यांचं त्यांनाच कळत नसेल. मी मात्र ओरडत होते, "आगोदर वर ये! वर ये तू!" कारण सुरुंग अजून तिथेच होता. भिजलेला का असेना, सुरुंगच तो.

तो पायऱ्या चढून वर आला. तोंड धुळीने पांढरं, नखं फुटलेली, पागोटं ओलं. काठावर येऊन बसला आणि मी त्याच्या पाठीत दोन्ही मुठींनी धपाधप मारायला लागले. सगळ्या गावादेखत. "दुसऱ्यांना म्हनलो म्हनं! दुसऱ्यांना!" तो मार खात राहिला. शेवटी दगडाबाईनेच मला मागे ओढलं. "आगं, मारतीस कावून त्याला? मी काय मेले का?"

मग तिची हकीकत कळली. तिची सून छबू आदल्या रात्रीपासून अडली होती. दुपारी दगडाबाई कोनाड्यात भाकरी खाऊन वर आली, तोच शेजारची पोर बोलवायला आली. आम्ही सगळे लिंबाखाली घोरत होतो. म्हातारी बिल्ला अडकवायला गेली तर फळीच जागेवर नाही. शोधायला वेळ कुठला? बिल्ला पदरातच राहिला.

"घरी गेले तर सुईन म्हनाली, बाळ काही येत न्हाई. म्या म्हनलं, ह्या पत्र्यानं सात परसातलं माणूस वर येतंया, तर ईतभर पोटातलं लेकरू येनार न्हाई व्हय? बांधला छबूच्या दंडाला. घटकेत आली की बया बाहीर!"

शहादेव तिच्याकडे बघत राहिला. त्याने खाणीत हजारो बिल्ले पाहिले असतील, पण हा उपयोग त्याला कोणी शिकवला नव्हता.

एवढ्यात सुंदरराव पुढे झाले. भीती ओसरली की माणसाला पहिल्यांदा आपली खुर्ची आठवते. "बघितलं? म्हातारी घरी, बिल्ला बाळंतिणीला, आन तुमी पिण्याचं समदं पाणी दगडावर ओतून बसलात. हेच तुमचं मोजनं. चुकलं ना शेवटी? म्हनून म्हनतो, ही फळी…"

शहादेवची मान खाली गेली. खरंच चुकलं होतं ना. मोजणी चुकली की त्याला उत्तर सुचायचं नाही, कारण माणूस मोजणीवर जीव टाकणारा. पण मला सुचलं. सकाळपासून जो राग नवऱ्यावर काढत होते तो चुकीच्या दारात टाकला, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"चेअरमनसाहेब," मी म्हटलं, "म्हातारी घरी हाय, हे वात पेटवली तवा तुमाला ठाऊक व्हतं का?"

त्यांनी गॉगल पुसायला घेतला.

"भारतदादा, तुला ठाऊक व्हतं?"

"न्हाई," भारत म्हणाला.  "मला न्हाई ठाऊक व्हतं, मुक्ताबाई. म्या तशीच लावली काडी."

"मंग ती वाचली ते तिच्या सुनेच्या पोटात दुखलं म्हनून. आमच्यापैकी रोज कोनाची तरी सून अडून बसनार हाय का?"

कोणी हसलं नाही. मी खाली बसले. फळी मांडीवर घेतली. माझ्याशेजारी बायनाबाई बसली, मग एकेक करत सगळ्या बायका, मग बापे. भारत शेवटी बसला, पण बसला.

"हे काय? संप?" सुंदरराव म्हणाले. "आगं, सोसायटीत संप करता येत न्हाई. तुमीच मालक. सवताविरुद्ध कसा संप करनार?"

आता शहादेवने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक होती, जिची मला एरवी धडकी भरायची. "बरोबर हाय साहेब. आमी संप न्हाई करत. आमी सभासद हाव. समदे हितंच हाव. सभा भरवतो."

सभा! सोसायटीची सभा कधी झालेली मला आठवत नव्हती. ती कागदावर व्हायची आणि अंगठ्याला शाई नंतर लागायची. भारतने हजेरीचं बुक उघडलं आणि मोजलं. सभासद त्रेपन्न, हजर सत्तेचाळीस. कोरम पुरा. हजेरीच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याने ठराव लिहिला. माणसं मोजल्याबिगर वातीला काडी लावायची नाही. मोजायचा मान आळीपाळीने एका बाईचा आणि एका बाप्याचा. घरी जाणाऱ्याने बिल्ला अडकवल्याशिवाय जायचं नाही, मग घरी बाळंतपण असो की लगीन. हे शेवटचं दगडाबाईला मोठ्याने ओरडून ऐकवलं. "बरं बाबा, पुढच्या नातीला नवा करून द्या," असं म्हणून तिने पहिला अंगठा दिला.

सत्तेचाळीस अंगठे झाले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. पान सुंदररावांपुढे धरलं. उद्या साहेब येणार, तळाला दगडांचा ढीग, आणि ढीग उचलणारी सगळी माणसं समोर बसलेली. त्यांनी पेन काढलं.

"दोनदा करा," भारत म्हणाला. "एकदा चेअरमन म्हनून, एकदा संघटनेचे अध्यक्ष म्हनून."

आमच्या मुकादमाच्या तोंडून हे निघावं! सुंदररावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, गेला हा आता. पण त्यांनी दोन्ही सह्या केल्या. सही करताना स्वतःशीच हसलेही थोडे. मग मोटारसायकलला लाथ मारून निघून गेले. शहादेवला कामावरून काढल्याचं कोणी बोललं नाही.

घरी जाताना आम्ही आधी दगडाबाईकडे वळलो. छबू झोपली होती, कुशीत लाल पिटुकलं लेकरू. बिल्ला पाचवीपर्यंत सुटणार नाही, असं म्हातारीने बजावलं.  शहादेवने गूळ तोंडात टाकला आणि दाराच्या चौकटीला टेकून कितीतरी वेळ त्या लेकराकडे बघत राहिला.

घरी घोटभर पाणी नव्हतं. होतं ते सगळं विहिरीत गेलं. दगडाबाईने दिलेला अर्धा तांब्या सासूला आणि पोरींना पाजला. शहादेव उंबऱ्यावर बसला, धुळीने माखलेला तसाच. मी शेजारी बसले. दुपारी जे बोलले त्याची माफी मागावी असं मनात होतं, पण मला ते जमत नाही. म्हणून विचारलं, "हात दुखत्यात का?"

त्याने हात उलटेपालटे करून पाहिले. मग आपणहून बोलायला लागला. खाणीतून आल्यापासून पहिल्यांदा.

"तिथं छत बसलं ना, तवा आमच्या लाइनीतले तिघं आत व्हते. सायेब म्हनला, यादीत न्हाईत, घरी गेले असतील. मोठी युनियन बी म्हनली, घरी गेले असतील. आमी ढिगाऱ्याला तोंड लावून हाका मारायचो. तिघांची नावं घेऊन. तीन दिस. चौथ्या दिवशी भोंगा वाजवला, काम सुरू करा म्हनले, हाका बंद करा. आमी एक्केचाळीस जणांनी बंद केल्या न्हाईत. तीच आमची युनियन, मुक्ता. दुसरं काय बी न्हवतं तिच्यात."

मी त्या माणसांना सोंगाडे म्हटलं होतं.

"कोनीच ओ दिली न्हाई," तो म्हणाला. "मला वाटायचं, आपल्या हाकंतच काही खोट हाय. आन आज वरून म्हातारी म्हनते, काय रं बाबा!"

तो हसायला लागला. दगडाबाईच्या आवाजात "काय रं बाबा" असं दोनदा म्हणाला आणि परत हसला, आणि हसता हसता त्याचा बांध फुटला. अकरा वर्षं जमिनीच्या पोटात काढलेला माणूस उंबऱ्यावर बसून हुंदके देत होता. आतून सासू विचारत होती, काय झालं, काय झालं. आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी त्याला गप्प बस असं एकदाही म्हटलं नाही. नुसती त्याच्याजवळ सरकून बसले आणि त्याला पोटभर रडू दिलं.